मोठे लष्करी ड्रोन आणि प्रवासी विमानं एकाच आकाशात? ओझर-देवळालीवाल्यांनो, जरा सांगा

पंचवटीचा_पक्या (धागालेखक)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज पहिला धागा काढतोय तर सांभाळून घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या सरकारने अमेरिकेच्या जनरल अॅटोमिक्सकडून ३१ एमक्यू-९बी ड्रोन घ्यायचा करार केला हे सगळ्यांना माहीतच असेल, १५ नेव्हीला आणि ८-८ आर्मी अन एअर फोर्सला. तेव्हापासून टीव्हीवर जे काय चालू आहे ते म्हणजे ते किती मिसाईल नेतं, कुठून कुठे मारतं, वगैरे. मला पडलेला प्रश्न वेगळाच आहे आणि त्याचं उत्तर कुठल्याच चॅनलवर मिळालं नाही. हे धूड तळावरून उडून सीमेवर किंवा समुद्रावर जाईपर्यंत मधे जे आपलं नेहमीचं आकाश आहे, ज्यात इंडिगो एअर इंडियाची विमानं लाईनीने चाललेली असतात, त्यातून ते जातं कसं? आत पायलट नाही म्हणजे खिडकीतून बघणारं कोणी नाही, मग समोरून काही आलं तर?

नाशिककरांना विचारतोय कारण आपल्याकडे हे सगळं आधीच एकावर एक आहे. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्याची सुखोई, आता तेजस (१७ ऑक्टोबर २०२५ ला इथल्या लाईनचं पहिलं उडालं), त्याच रनवेवर प्रवासी विमानं, इकडे नाशिकच्याच गांधीनगरला आर्मीची हेलिकॉप्टरं शिकाऊ पोरं घेऊन दिवसभर घिरट्या घालतात, तिकडे देवळालीला तोफा. त्यात २०२७ चा कुंभमेळा आला की ओझरला फ्लाईटी वाढणारच. माहितगार लोकांनी लिहा.

मिसळ_विथ_तर्री

जागा पकडून ठेवतो. पाव एक्स्ट्रा सांगितलाय.

ओझरची_धूळ

पक्या, धागा चांगला काढलास. मी कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, ड्रोन बनवले नाहीत पण विमानं आयुष्यभर बघितली, म्हणून आधी एक गोष्ट क्लिअर करतो. लोकांच्या डोक्यात ड्रोन म्हणजे लग्नात वरातीवर भुणभुण करतं ते. एमक्यू-९बीचे पंख टोकापासून टोकापर्यंत २४ मीटर, उड्डाणाच्या वेळचं जास्तीत जास्त वजन ५,६७० किलो. म्हणजे हे सरळ सरळ विमान आहे, टर्बोप्रॉप इंजिनचं, फक्त कॉकपिट जमिनीवर ठेवलंय. ४० हजार फुटांपर्यंत जातं आणि एकदा वर गेलं की दीड दीड दिवस खाली येत नाही. आपल्याकडचं जुनं हेरॉन ड्रोन त्यामानाने लहान, साधारण ११५० किलो.

आणि बातम्यांत जी ड्रोन नियमावली सांगतात ना, २०२१ ची, ती ह्यांना लागू नाही. ती ५०० किलोपर्यंतच्या नागरी ड्रोनची आहे, सैन्यदलांचे ड्रोन त्यातून आधीच बाहेर. सबब डिजिटल स्कायवर (सरकारचा ड्रोनसाठीचा ऑनलाईन नकाशा) हिरवा पिवळा झोन बघून एमक्यू-९ उडत नाही हे लक्षात घ्या.

शंकासुर

मला ह्यात प्रॉब्लेमच कळला नाही. आकाश काय कमी आहे का? लष्कराचा एक रस्ता वेगळा आखून द्या, प्रवासी विमानांना दुसरा, विषय संपला. उगाच मिसळामिसळ कशाला.

टॉवरवरून

शंकासुर, तुम्ही म्हणताय तेच आजपर्यंत चाललंय. ह्याला सेग्रिगेटेड एअरस्पेस म्हणतात. लष्करी ड्रोन उडणार म्हटलं की नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) निघतो, अमुक उंची ते तमुक उंची, ह्या वेळेत हा तुकडा बंद, त्यातून एक कॉरिडॉर, आणि बाकी सगळ्यांनी वळसा घालायचा. कंट्रोलरच्या दृष्टीने सगळ्यात सोपं, कारण दोघांची गाठच पडत नाही. (मी नोकरीत असताना रडारसमोर बसलेलो आहे, कुठे ते विचारू नका.)

पण ह्याची किंमत बघा. २०२० च्या मे महिन्यात अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं की देशातलं फक्त ६० टक्के आकाश नागरी विमानांना मोकळं मिळतं आणि हे निर्बंध सैल केले तर वर्षाला १००० कोटींच्या आसपास वाचतील. म्हणजे आधीच चाळीस टक्के ह्या ना त्या कारणाने अडवलेलं. त्यासाठीच फ्लेक्सिबल यूज ऑफ एअरस्पेस आणलं, की लष्कराला हवं तेव्हा त्यांनी घ्यावं, नको तेव्हा परत सोडावं. फायटरचं ते जमतं कारण त्याची सॉर्टी, म्हणजे एक फेरी, तासाभराची. आता हा गडी वर जाणार आणि दीड दिवस राहणार, तेवढा वेळ तुम्ही तुकडा बंद ठेवणार का? एक दोन असताना चालून जातं, ३१ आल्यावर आणि त्यात हेरॉन, हर्मिससारखे बाकीचे ड्रोन मिळवल्यावर नाही चालत.

आणि वेगळा रस्ता कमी पडला की काय होतं ते आपल्या देशाने बघितलंय. १२ नोव्हेंबर १९९६, चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदीचं जंबो आणि दिल्लीला येणारं कझाक इल्युशिन समोरासमोर धडकले, ३४९ माणसं गेली. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आलं हे कारण खरंच, पण दिल्लीच्या आसपासचं बरंचसं आकाश एअर फोर्सकडे होतं म्हणून येणारी जाणारी विमानं एकाच कॉरिडॉरमधून वर-खाली चालत होती, आणि रडारवर कंट्रोलरला उंची दिसत नव्हती, ती पायलट सांगेल तीच खरी धरायची. त्यानंतर आपल्याकडे टीकॅस (विमानातलं टक्कर टाळायचं यंत्र) सक्तीचं झालं.

शंकासुर

ठीक आहे, आकाश वाया जातं हे पटलं. पण मग ड्रोनलाही टीकॅस लावा की.

रडार_राणी

माझं गाव सिन्नर, सध्या बंगळुरात, काम ह्याच्या जवळपासचं आहे म्हणून लिहिते, थोडं लांबेल.

टीकॅस लावतातच, पण तेवढ्याने भागत नाही. टीकॅस समोरच्याच्या ट्रान्सपॉन्डरला (विमानाची ओळख आणि उंची रेडिओवरून सांगणारं उपकरण) विचारतं की तू कुठे आणि किती उंचीवर. समोरच्याकडे ट्रान्सपॉन्डरच नसेल, ग्लायडर असेल, छोटं ट्रेनर असेल, किंवा असून बंद असेल, तर टीकॅसच्या लेखी तिथे कोणीच नाही. माणूस बसलेल्या विमानात शेवटचा उपाय म्हणजे पायलटचे डोळे. नियमच तसा आहे, बघा आणि टाळा. शंभर वर्षांचं सगळं विमान वाहतुकीचं शास्त्र शेवटी ह्या एका वाक्यावर टेकलेलं आहे आणि ड्रोनच्या बाबतीत नेमकं तेच वाक्य लागू होत नाही.

म्हणून डोळ्यांच्या जागी जे आणलं त्याला डिटेक्ट अँड अव्हॉइड म्हणतात. एमक्यू-९बीच्या नाकात त्यासाठी हवेतून हवेत बघणारं रडार असतं, सोबत टीकॅस आणि एडीएस-बी (विमानं आपली जागा रेडिओवरून सतत जाहीर करतात ती पद्धत), आणि तिघांची माहिती एकत्र करून जमिनीवरच्या पायलटला स्क्रीनवर दाखवतात. ह्यात गंमत अशी की 'समोरच्यापासून पुरेसं लांब राहा' असं माणसाला सांगितलं की त्याला अंदाजाने कळतं, मशीनला आकडा द्यावा लागतो. अमेरिकेत त्यावर कित्येक वर्षं घासाघीस झाली आणि ठरलं की आडवं ४००० फूट, उभं ४५० फूट, आणि ३५ सेकंदांचा हिशोब. ह्या मापाच्या आत कोणी येणार असं दिसलं की आधीच वळायचं. आता एकास एक्सयू नावाची प्रणाली खास मानवरहित विमानांसाठी केली आहे, ती टीकॅससारखं नुसतं वर जा खाली जा नाही, डावीकडे उजवीकडे पण सांगते.

हे काम करतं ह्याचा जाहीर पुरावा म्हणजे नासाचं इखाना ड्रोन, ते पण प्रिडेटर बीच, म्हणजे एमक्यू-९ च्याच घराण्यातलं. आधी अमेरिकेत असं मोठं ड्रोन नागरी आकाशात न्यायचं तर मागे माणूस बसलेलं चेस विमान पाठवायला लागायचं, नुसतं बघायला. १२ जून २०१८ ला इखाना पहिल्यांदा चेस विमानाशिवाय कॅलिफोर्नियात सर्वसाधारण हवाई हद्दीतून उडालं.

मिसळ_विथ_तर्री

म्हणजे बिनड्रायव्हरच्या गाडीमागे ड्रायव्हरवाली गाडी. सरकारी पद्धत सगळीकडे सारखीच.

देवळालीकर

मी आर्मीतून रिटायर्ड. हेरॉन आधी तोफखान्याकडेच होते, मग आर्मी एव्हिएशनकडे गेले, त्यामुळे हा विषय घरचाच. इथे लिहिण्यासारखं तेवढंच लिहितो.

राणीताई, तुमचं बरोबर आहे पण एक बाजू राहते. एडीएस-बी म्हणजे मी कुठे आहे हे दर सेकंदाला ओरडून सांगणं, कोणीही स्वस्तातला रिसीव्हर लावून ऐकू शकतो. टेहळणीला निघालेला ड्रोन हे ओरडत कसा जाईल? शिकागो कराराच्या कलम ३ मध्ये सरकारी विमानं, म्हणजे लष्कर, पोलीस, कस्टम, ही नागरी नियमांतून वगळलेली आहेत. पण त्याच कलमात हेही आहे की नागरी विमानांच्या सुरक्षिततेचा योग्य तो विचार करा. १९४४ सालचं वाक्य आहे, जग अजून त्याच्यावर चाललंय. त्यामुळे साधारण पद्धत अशी की आपल्या हद्दीत वर जाता येता लाईट लावून, म्हणजे एडीएस-बी चालू ठेवून जा, कामाच्या जागी पोचल्यावर बंद करा.

टॉवरवरून

देवळालीकर काका, तिथेच तर घोडं पेंड खातं. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनला आर्मीचं ब्लॅक हॉक आणि उतरणारं प्रवासी जेट धडकलं, ६७ गेले. त्या हेलिकॉप्टरमधून एडीएस-बी जात नव्हतं. आत जिवंत पायलट होते, त्यांना समोर विमान आहे असं टॉवरने सांगितलं होतं, तरी झालं. ड्रोन असो नसो, लष्कर आणि नागरी एका जागी आले की लाईट चालू ठेवायची शिस्त कागदावर नको, सेटवर पाहिजे.

द्राक्षवाला_निफाड

राम राम मंडळी. तुमचं चालू द्या पण खाली राहणाऱ्याचं पण ऐका जरा. ४ जून २०२४ ला शिरसगावला सुखोई पडलं, निकालाचा दिवस होता, सगळे टीव्हीला चिकटलेले आणि इकडे शिवारात धुराचा लोट. दोन्ही पायलट उडी मारून वाचले, गावात कोणाला काही झालं नाही, नशीब. त्याला तरी पायलट होता, तो शेवटपर्यंत मोकळं रान बघतो म्हणतात. ह्या बिनपायलटवाल्याचं इंजिन बंद पडलं तर ते बाग बघणार का गाव बघणार? आणि इंजिन एकच आहे ना त्याला?

ओझरची_धूळ

दादा, प्रश्न शंभर टक्के बरोबर. हो, एकच इंजिन. आणि पडण्याची उदाहरणं आपल्याकडचीच आहेत. नेव्हीने २०२० मध्ये दोन सीगार्डियन (एमक्यू-९बीचाच समुद्रावरचा प्रकार) भाड्याने घेतले होते, अरक्कोणमच्या आयएनएस राजाळीवरून उडायचे, त्यातलं एक सप्टेंबर २०२४ मध्ये तांत्रिक बिघाड झाल्यावर चेन्नईजवळ समुद्रात उतरवावं लागलं. डीआरडीओचं तपस ड्रोन ऑगस्ट २०२३ मध्ये चाचणी चालू असताना चित्रदुर्ग जिल्ह्यात शेतात पडलं. कोणी जखमी झालं नाही दोन्ही वेळेला.

म्हणून जर्मनीने युरोपच्या स्वतःच्या ड्रोनसाठी, युरोड्रोनसाठी, दोन इंजिनांचा हट्ट धरला, की वस्तीवरून उडणार तर एक गेलं तरी दुसऱ्यावर घरी आलं पाहिजे. त्यामुळे ते ११ टनांचं झालं, महाग झालं, उशीर झाला, त्यावर युरोपातच लोक शिव्या घालतात. मला विचाराल तर हट्ट बरोबर होता.

रडार_राणी

धूळकाका, थोडं असहमत. दोन इंजिनांनी एक प्रकारचा धोका कमी होतो पण वस्तीवरून उडायची परवानगी इंजिन मोजून मिळत नाही. ब्रिटनचं उदाहरण बघा, त्यांचं प्रोटेक्टर म्हणजे हेच एमक्यू-९बी, एकच इंजिन, आणि २०२५ मध्ये त्यांच्या लष्करी विमान प्राधिकरणाने त्याला सर्टिफिकेट दिलं की वस्तीवरून आणि सर्वसाधारण हवाई हद्दीतून जाऊ शकतं. कारण ते मुळातच त्यासाठी नव्याने डिझाईन केलं. वीज पडली तर काय, पंखांवर बर्फ धरला तर काय, फ्लाईट कॉम्प्युटर तिहेरी, ढाच्याचं आयुष्य किती, सॉफ्टवेअरच्या प्रत्येक ओळीचा हिशोब. जुना रीपर (आधीचं एमक्यू-९) युद्धासाठी घाईत बनवलेला, त्याच्याकडे हे कागद नव्हतेच.

कागद नंतर बनवू म्हटलं की काय होतं ते युरो हॉकने दाखवलं. जर्मनीने ग्लोबल हॉक ह्या मोठ्या अमेरिकन ड्रोनची आपली आवृत्ती घेतली, ६० कोटी युरोंच्या आसपास खर्च केला, आणि २०१३ मध्ये बंद केली कारण युरोपच्या नागरी आकाशासाठी सर्टिफिकेट मिळवायला आणखी केवढा पैसा लागेल ते समोर आलं. विमान उडत होतं हो. तक्रार उडण्याबद्दल नव्हतीच.

पंचवटीचा_पक्या

राणीताई दंडवत. मला एक सांगा, पायलट जमिनीवर आहे म्हणजे तो रिमोटने चालवतो. मग रेंज गेली तर? आपल्या इगतपुरीच्या बोगद्यात फोन कट होतो तसं झालं तर ते विमान काय करतं?

टॉवरवरून

पक्या, तू आता बरोबर जागी बोट ठेवलंस. सगळे लोक टक्कर टक्कर करतात, कंट्रोलरला खरी धास्ती ह्याची असते.

आधी साधी गोष्ट. दूर गेल्यावर लिंक उपग्रहावरून, तो ३६ हजार किलोमीटर वर. सिग्नल वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि पायलटने दांडा हलवला आणि त्याचा परिणाम त्याला स्क्रीनवर दिसला ह्यात अर्धा सेकंद नुसत्या अंतरातच जातो, वर प्रोसेसिंग. पायलटचं कंट्रोलरशी रेडिओवरचं बोलणंसुद्धा बहुतेक वेळा विमानातल्या रेडिओमधूनच येतं, म्हणजे मी बोललो ते विमानाने ऐकलं, उपग्रहावर पाठवलं, पायलटने ऐकलं, उत्तर परत त्याच रस्त्याने. गर्दीच्या फ्रिक्वेन्सीवर जिथे एक संपायच्या आत दुसरा बोलतो तिथे एवढा गॅप पडला की दोघं एकमेकांच्या अंगावर बोलतात. हे त्रासदायक आहे पण सवयीने जमतं.

लिंक पूर्ण तुटली की विषय वेगळा. तेव्हा ड्रोन आधी भरून दिलेल्या प्रोग्रॅमप्रमाणे वागतो. थोडा वेळ आहे त्याच रस्त्याने, मग ठरलेल्या पॉईंटवर जाऊन घिरट्या, लिंक परत यायची वाट बघायची, नाही आली तर ठरलेल्या उंचीने ठरलेल्या तळावर. अमेरिकेत ह्यासाठी स्क्वॉक कोडसुद्धा (ट्रान्सपॉन्डर रडारला पाठवतो तो आकडा) वेगळा आहे, ७४००, म्हणजे कंट्रोलरच्या स्क्रीनवर लगेच कळतं की ह्याच्याशी बोलण्यात अर्थ नाही. आता माझ्या खुर्चीत बसून बघ. विमानाचा रेडिओ बंद पडला तरी आत बसलेला पायलट शहाणा असतो, तो समोर ढग बघून वळेल, दुसरं विमान बघून थांबेल. ड्रोन तेच करेल जे सकाळी कोणीतरी टाईप केलं. हरकत नाही, उलट चांगलं आहे, पण ते काय टाईप केलंय हे मला माहीत पाहिजे! कुठे वळणार, किती मिनिटांनी, कुठल्या उंचीला. तेवढा एक कागद माझ्या टेबलावर असेल तर मी बाकी सगळ्यांना बाजूला करून त्याला वाट देईन. कागद लष्कराच्या कपाटात असेल तर मग पायलट नसलेलं सहा टनांचं विमान कुठे निघालंय ह्याचा मी अंदाज करत बसायचा. माझं मत विचाराल तर ह्या सगळ्या विषयात तंत्रज्ञान वीस टक्के आणि हा कागद ऐंशी टक्के.

आणि प्रोग्रॅमवरही आंधळा विश्वास नको. ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकन नेव्हीच्या फायर स्काउट हेलिकॉप्टर ड्रोनची लिंक तुटली, त्याने घरी फिरायला हवं होतं, सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे फिरलंच नाही आणि वॉशिंग्टनच्या प्रतिबंधित हद्दीत शिरलं. मग लिंक परत मिळाली म्हणून निभावलं.

देवळालीकर

टॉवरवाले साहेब, कपाटाबद्दल बोललात ते लागलं, पण खोटं नाही. तरी सांगतो, मोहिमेचा रूट सगळ्यांना वाटता येत नाही. लॉस्ट लिंकचा, म्हणजे लिंक तुटल्यावरचा, रूट मात्र वाटता येतो, त्यात गुपित असं काही नसतं, घरीच तर यायचंय. हा फरक दोन्ही बाजूंच्या लोकांना एका खोलीत बसवल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. पुण्याला लोहगावला बघा, एअर फोर्सचाच कंट्रोलर प्रवासी विमानं उतरवतो आणि सुखोई पण, तिथे भांडण होत नाही कारण माणूस एकच.

रडार_राणी

जमिनीवरची माणसं हाही एक भाग आहे, त्यावर नोगालेसचा किस्सा आमच्याकडे सगळ्यांना सांगतात. २५ एप्रिल २००६, अमेरिकेच्या सीमा खात्याचं प्रिडेटर बी, अॅरिझोनात मेक्सिको सीमेजवळ. पायलटचा कन्सोल हँग झाला म्हणून त्याने कंट्रोल शेजारच्या कन्सोलवर घेतला, जो तोपर्यंत कॅमेऱ्यासाठी वापरत होते. त्या कन्सोलवर जो दांडा कॅमेऱ्यासाठी एका जागी होता तोच दांडा विमान चालवताना इंधनाचा, आणि ती जागा म्हणजे इंधन बंद. चेकलिस्ट न बघता स्विच केलं, इंजिन बंद. पुढे बॅटरी वाचवायला विमानाने एकेक उपकरण बंद केलं त्यात ट्रान्सपॉन्डर पण गेला, म्हणजे ज्या क्षणी कंट्रोलरला ते दिसण्याची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच रडारवरून गायब. डोंगरात पडलं, कोणाला लागलं नाही. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने ड्रोनचा पहिला तपास हाच केला. कन्सोलचं डिझाईन हा विषय त्यानंतर लोकांनी मनावर घेतला.

शंकासुर

बरं मग लिंक, रडार, कागद, कन्सोल सगळं नीट केलं असं धरू. तरी माझ्यासारख्या इंडिगोत बसलेल्या माणसाला ह्याने काय फरक पडतो? मला उशीर होणार का नाही तेवढं सांगा.

टॉवरवरून

होऊ शकतो. एमक्यू-९बीचा जास्तीत जास्त वेग २१० नॉटच्या आसपास, जेट वर ४५० ने चाललेलं. मुंबई-आग्रा हायवेच्या ओव्हरटेकच्या लेनमध्ये उसाची ट्रॉली शिरल्यावर मागे जे होतं तेच. ३० हजार फुटांवर एकाच लेव्हलला हा पुढे असेल तर मागच्या प्रत्येकाला वर-खाली करायला लागतं किंवा वळसा. एकावेळी एखादा असेल तर दोन मिनिटांचं काम, पण दिल्ली-मुंबईच्या रस्त्यावर संध्याकाळी असं कोणी आडवं आलं तर कंट्रोलरचा घाम निघतो. त्यामुळे त्याला रात्री वर चढवा, गर्दीच्या रस्त्यांना काटकोनात आणि पटकन ओलांडू द्या, मग त्याच्या कामाच्या जागी त्याला काय पाहिजे ते करू द्या. ग्लोबल हॉकचं सोपं असतं, ते लष्करी हद्दीतच गोल गोल वर चढून प्रवासी विमानांच्या वर निघून जातं, ५०-६० हजार फुटांवर. एमक्यू-९ ची उंची नेमकी तुमच्या इंडिगोची आहे.

द्राक्षवाला_निफाड

हे सगळं शिस्तीतल्या ड्रोनचं झालं. बेशिस्त आला तर?

देवळालीकर

मार्च २०२२ आठवा दादा. युक्रेनच्या बाजूने एक जुनं सोव्हिएत टीयू-१४१ भरकटलं, सहा टनांचं जेट ड्रोन, रोमानिया आणि हंगेरीवरून जाऊन क्रोएशियाच्या राजधानीत झाग्रेबला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाजवळ पडलं. तीन नाटो देश, आणि त्यावेळी वर प्रवासी विमानं चालू होती. आपल्याकडे मे २०२५ मध्ये पाकिस्तानशी झालं तेव्हा उत्तर-पश्चिमेचे ३२ विमानतळ सरळ बंद ठेवले, ते त्यासाठीच. कोणाचं काय उडतंय ते नक्की नसेल तर नागरी वाहतूक थांबवणं हाच उपाय राहतो, दुसरा नाही.

द्राक्षवाला_निफाड

अवांतर आहे पण विचारून घेतो. आमच्याकडे फवारणीचा ड्रोन भाड्याने येतो, ऑपरेटर म्हणतो ओझर जवळ आहे परवानगी लागेल, दुसरा म्हणतो काही लागत नाही, पैसे दोघं सारखेच मागतात. खरं काय?

ओझरची_धूळ

नकाशा बघा दादा, डिजिटल स्कायवर. साधारण नियम असा की विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा, त्याच्या आत आलात की परवानगीची भानगड सुरू, आणि अगदी जवळ तर लालच. फवारणी दहा पंधरा फुटांवरून होते, पण ८ किमीच्या आत कमी उंचीची सवलत नाही, तुमचा गट नंबर कुठे पडतो त्याने ठरतं. शिवाय नाशकात पोलिसांचे लष्करी जागांभोवतीचे मनाई आदेश मधून मधून निघतात ते वेगळे. ऑपरेटरला त्याचा नोंदणी नंबर आणि पायलटचं सर्टिफिकेट मागा, जो दाखवेल त्याला काम द्या.

पंचवटीचा_पक्या

शेवटचा प्रश्न, मग झोपतो. बातम्यांत ह्या ड्रोनच्या तळांची जी नावं आली त्यात पोरबंदर आणि गोरखपूर आहे, दोन्हीकडे नागरी विमानतळ पण आहे. नाशिक त्यात नाही. पण समजा वरून जाताना काही बिघडलं आणि ओझरला उतरवायची वेळ आली, रनवे तर चांगला ३ किमीचा आहे, तर उतरेल?

रडार_राणी

उतरायला अडचण नाही. एमक्यू-९बी उपग्रहाच्या लिंकवरून आपोआप उतरू शकतं, त्यासाठी ओझरला कोणी पायलट पाठवायची गरज नाही. पूर्वीच्या मॉडेलला तळावर वेगळी टीम बसवायला लागायची, तेच ह्यात काढून टाकलंय. फक्त ओझर आधीपासून पर्यायी तळ म्हणून प्रोग्रॅममध्ये भरलेलं पाहिजे, ऐनवेळी नाही.

टॉवरवरून

आणि ओझरच्या टॉवरला ते आधी माहीत पाहिजे. त्यावेळी हैदराबादचं विमान फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, असेल तर त्याला गो-अराउंड (न उतरता परत वर जा) द्यायला लागेल.

ओझरची_धूळ

उतरल्यावरचं कोण बघणार? रनवेच्या मधे थांबलं, लिंक गेली, आत ब्रेक सोडायला माणूस नाही, पंख २४ मीटरचे म्हणजे बाजूने कोणी जाऊ शकत नाही. ओढून न्यायचं तर त्याच्या नाकाच्या चाकाला बसणारा टो-बार लागतो, आमच्याकडे सुखोईचा आहे, तेजसचा आहे, इंडिगोवाल्यांचा त्यांच्याकडे आहे. ह्याचा कुठून आणणार? आणि पंखाखाली काही लटकत असेल तर टो-बार असून पण कोणी हात लावणार नाही, त्यांची माणसं येईपर्यंत रनवे बंद.

मिसळ_विथ_तर्री

पोरबंदरहून टो-बार घेऊन निघालेली गाडी घोटीच्या टोलनाक्यावर अडकणार, लिहून घ्या.

देवळालीकर

रस्त्याने कशाला, हेलिकॉप्टरने आणतील. गांधीनगरला उतरवतील, तिथून ओझर अर्धा तास, द्वारका चौक मोकळा असला तर.